क्रमांक नसलेली मुलगी

माझं काम नेमकं काय आहे, हे नाशिकला असलेल्या माझ्या आईला मी कधीच नीट समजावू शकले नाही. "कतारमधली माणसं मोजतेस म्हणजे उन्हातान्हात दारोदार हिंडत असशील," ती म्हणते. मी तिला सांगते, अगं, इथे दारोदार जावंच लागत नाही. इथे राहणाऱ्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक असतो. माणूस विमानतळावर उतरला की एक नोंद होते, परत गेला की दुसरी होते. मूल जन्मलं, कुणी वारलं, कुणी घर बदललं, नोकरी बदलली, की त्या त्या कचेरीत त्याची नोंद होते. आम्ही या सगळ्या नोंदी एकमेकींना जोडतो, नावं काढून टाकतो आणि तक्ते तयार करतो: देशात माणसं किती, आली किती, गेली किती, जन्मली किती.

मला या पद्धतीचा फार अभिमान होता. नवऱ्याचे गॅस कंपनीतले मित्र जेवायला आले की मी पुऱ्या तळता तळता त्यांना ऐकवायची, की या देशात माणूस हरवूच शकत नाही. विमानतळाचं दार एकच. आत आला तो आला, बाहेर गेला तो गेला. वजाबाकी केली की उत्तर तयार.

पुढे जे लिहिते आहे त्यात कुणाचंच नाव नाही, आणि काही खुणा मी मुद्दाम बदलल्या आहेत. जिच्या घरातली ही गोष्ट आहे तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिवा ताई. पन माझ्या पोरीला कुनी बोट दाखवील असं लिवू नका."

नोंदी प्रत्यक्षाशी कितपत जुळतात हे पाहायला आम्ही अधूनमधून थोडे पत्ते निवडतो आणि तिथे जाऊन बघतो. घरावरची क्रमांकाची निळी पाटी शोधायची, बेल वाजवायची, इथे कोण कोण राहतं ते विचारायचं, टॅबवर लिहायचं आणि निघायचं. एरवी हे काम फिरतीवरच्या मुली करतात. त्या हिवाळ्यात दोहातल्या अल थुमामा भागातले पत्ते निघाले आणि त्यातल्या बऱ्याच घरांत आपल्याकडची माणसं होती. फिरतीवरची आमची सहकारी जॉर्डनची. तिला अरबी आणि इंग्रजी येतं, हिंदीचा एक शब्द येत नाही. म्हणून आमच्या विभागप्रमुखांनी मला तिच्याबरोबर पाठवलं.

त्यातला एक व्हिला बाहेरून एका कुटुंबाचा वाटत होता. आत गेल्यावर कळलं की प्लायवूडच्या भिंती घालून त्याच्या कितीतरी खोल्या केल्या आहेत. प्रत्येक दाराबाहेर चपलांचा ढीग, कुठे कुकरची शिट्टी, कुठे मल्याळी गाणं. डोक्यावरून विमान इतकं खालून गेलं की बोलणं थांबवावं लागलं. मागच्या बाजूच्या खोलीसाठी आमच्या नोंदीत एकच माणूस होता. भारतीय पुरुष, एका व्यापाऱ्याकडे कारकून, एकटा राहणारा.

दार उघडलं ते एका मुलीने. अकरा-बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हाताला पीठ. माझ्या सहकारिणीने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मुलगी तिच्याकडे बघत राहिली आणि मग मान वळवून आत ओरडली, "अम्मी, कोन तरी बायका आल्यात!"

परक्या देशात अचानक आपली भाषा कानावर पडली की काय होतं ते इथे राहणाऱ्यांनाच कळेल. मी एकदम म्हणाले, "अगं, तू मराठी बोलतेस?"

"तुमी पन बोलताव?" तिचे डोळे मोठे झाले. "अब्बा नाय घरात. अम्मी घावने काढतेय. बसा."

आम्ही दारातच उभ्या राहिलो आणि ती बोलत सुटली. कुणीतरी बोलायला मिळायची ती वाटच बघत असावी. तिच्या आजीच्या परड्यात रातांब्याची दोन झाडं होती. आजीची एक शेळी फार खोडकर होती. बोलताना तिच्या तोंडात असे शब्द येत होते, जे माझ्या रत्नागिरीच्या मैत्रिणीकडून ऐकून मला कैक वर्षं झाली होती. माझा मुलगा तिच्याच वयाचा. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मला त्या पोरीचा इतका हेवा वाटला, की मी मनात म्हटलं, हिच्या आईला विचारलं पाहिजे, कसं टिकवलंत तुम्ही हे.

"आजीकडे कधी गेली होतीस?" मी विचारलं.

"मी नाय गेले कदी. आजी फोनवर दाखवते."

"आणि शाळेत तर इंग्रजीच बोलावं लागत असेल ना?"

"मी शाळेत नाय जात," ती सहज म्हणाली.

"आज सुट्टी?"

"नाय. मी जातच नाय."

तेवढ्यात तिची आई आतून आली. हातात उलथणं होतं. आधी ती माझ्या तोंडाकडे बघून हसली, मग तिची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेली. त्यावरचा सरकारी शिक्का तिने पाहिला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिने मुलीचा दंड धरला आणि तिला आपल्या पाठीमागे ओढलं.

"ही शेजाऱ्यांची पोर हाय," ती म्हणाली. "आताच आलीय खेळाया. माझी नाय."

"अम्मी?" पाठीमागून मुलगी म्हणाली.

त्या एका शब्दाने मला जो धक्का बसला, तो अजून उतरलेला नाही. मुलीला काहीच कळलं नव्हतं. आपली आई आपल्याला परकी का म्हणते आहे, एवढंच ती विचारत होती.

माझ्या सहकारिणीला भाषा कळत नव्हती, पण काहीतरी बिनसलंय हे कळलं. टॅबवर बोट ठेवून तिने मला इंग्रजीत विचारलं, "इथे माणसं किती?"

मी म्हणाले, "तीन."

तिने तीन लिहिलं. टॅबने दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाचा क्रमांक मागितला. मी आईकडे पाहिलं. तिने उलथणं खाली ठेवलं, हात जोडले आणि कुजबुजत म्हणाली, "ताई, तुमी आपल्याकडच्या. आमाला बरबाद करू नका. हिचा नंबर नाय. हिचा कुटंच काय नाय."

"इथे नाही म्हणता," मी म्हणाले, "पण भारतातला जन्मदाखला? पासपोर्ट?"

"नाय ताई. कुटंच नाय."

 सहकारिणीने क्रमांकाचे रकाने रिकामे सोडले, माझ्या खांद्याला हात लावला, "यल्ला," चल, म्हणाली, आणि आम्ही निघालो. उरलेले पत्ते तिने एकटीने केले. मी गाडीत बसून राहिले.

नोंदी चुकतात हे मला माहीत होतं. पण नोंद चुकते म्हणजे नाव चुकतं, तारीख चुकते, पत्ता जुना राहतो, इतकीच माझी कल्पना होती. एक अख्खी मुलगी, वेण्या घातलेली, पीठ मळणारी, आणि ती जगातल्या कुठल्याही देशाच्या कागदावर जन्मलेलीच नाही, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्यावर त्या मुलीच्या आईचं काय ते माझ्या लक्षात आलं, आणि तो वेगळाच धक्का होता. ती बाई बहुधा भेटीच्या व्हिसावर आली असणार. म्हणजे विमानतळावर तिच्या येण्याची नोंद असणार, जाण्याची नसणार. अशा नोंदी आमच्याकडे नेहमीच सापडतात. नावाचं स्पेलिंग येताना एक, जाताना दुसरं, त्यामुळे जोडी लागत नाही. म्हणून आमच्या पद्धतीत एक नियम होता: भेटीच्या व्हिसावर आलेला माणूस, मुदत उलटून बराच काळ झाला, तर तो गेला असं धरायचं. नियम शहाणा होता, सगळ्यांनी विचार करून केलेला होता. आणि त्या नियमाप्रमाणे अल थुमामाच्या त्या खोलीत घावने काढणारी बाई या देशात नव्हतीच. आम्ही तिला केव्हाच घरी पाठवून दिलं होतं.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाला, "अगं, यात तू पडू नकोस. आपण इथे पाहुणे आहोत. उद्या कुणी विचारलं, तुला माहीत असून सांगितलं का नाहीस, तर?"

"आणि सांगितलं आणि त्या पोरीला उचललं, तर?"

तो म्हणाला, "तुझ्या बॉसना विचार. लपवू नकोस आणि ओरडूही नकोस."

आमच्या विभागाच्या प्रमुख एक कतारी बाई आहेत. कडक. अहवालात एका दशांशाची चूक निघाली तरी अख्खा तक्ता परत करायला लावतात. आमचं बोलणं इंग्रजीतच होतं. मी त्यांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सांगितलं. पत्ता सांगितला नाही.

"वय काय मुलीचं?" त्यांनी विचारलं.

"अकरा-बारा."

"म्हणजे त्या वर्षीच्या जन्मांत एक कमी आहे," त्या म्हणाल्या. सवयीनेच त्यांच्या तोंडून ते निघालं. मग त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शाळा नाही?"

"नाही."

"डॉक्टर? लस?"

"मला माहीत नाही, मॅडम."

त्या उठून खिडकीशी गेल्या. मला वाटलं, आता त्या फोन उचलतील.  पण वळून त्या म्हणाल्या, "नीट ऐक. मोजणीसाठी दार ठोठावल्यावर जे दिसलं ते मोजणीपुरतंच. ते दुसऱ्या कुठल्याही कचेरीला द्यायचं नाही, असा कायदा आहे. लोक आपल्याला दार उघडतात ते याच भरवशावर. तू मला पत्ता सांगितला नाहीस ते बरं केलंस. पुढेही सांगू नकोस."

"मग मुलीचं काय?"

"या खोलीत तुला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही," त्या म्हणाल्या. "पण शुक्रवारी तू कुणाच्या घरी चहाला जातेस, हे मी विचारत नाही."

पुढच्या शुक्रवारी मी गेले. गळ्यात ओळखपत्र नव्हतं, हातात चिवड्याचा डबा होता. दार उघडायला फार वेळ लागला. आत खोली एकच. तिच्या एका कोपऱ्यात पडदा लावलेला. मुलीचे अब्बा घरी होते. बारीक, वाकलेले, माझ्याकडे बघायलाही घाबरणारे. मी म्हणाले, "मी कुणाला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

मग हळूहळू त्या बाईने सांगायला सुरुवात केली. नवरा गोदामात शिडीवरून पडला होता, कमरेला मार लागला होता, म्हणून त्याची शुश्रूषा करायला ती रत्नागिरीजवळच्या गावातून भेटीच्या व्हिसावर आली. तो बरा झाला. ती राहिली. मुदत संपली, दंड चढत गेला, आणि मग तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. मूल याच खोलीत झालं.

"गावी काय सांगता?" मी विचारलं.

नवऱ्याने मान खाली घातली. ती उठली आणि फोनवरचे फोटो मला दाखवू लागली. मुलगी गणवेशात. निळा पिनाफोर, पांढरा शर्ट, पाठीला दप्तर. मग पुढल्या वर्षीचा फोटो, थोडी उंच. मग त्याच्या पुढल्या वर्षीचा.

"शेजारच्या मल्याळी बाईच्या पोरीचा युनिफॉर्म हाय," ती म्हणाली. "दर साल शाळा सुरू झाली की एक दिवस मागून आनते. घालते, फोटो काढते, गावी धाडते. सासूबाई सगळ्यांना दाखवतात, नात दोहाच्या विंग्लिश शाळेत जाते म्हनून."

मी ते फोटो बघत होते आणि मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. "त्या दिवशी मना दप्तर पन मिळतं," ती म्हणाली. तिला त्यात वाईट असं काही वाटत नव्हतं. वर्षातून एकदा येणारा सण होता तो तिचा. 

त्यानंतर मी जात राहिले. माझ्या मुलाची जुनी पुस्तकं नेऊ लागले. आईने तिला बाराखडी आणि अब्बांनी हिशेब शिकवला होता. इंग्रजी अक्षरं ती दुकानांच्या पिशव्यांवरून शिकली होती. हुशार होती की नव्हती ते मला ठरवता येत नाही. अधाशी होती एवढं नक्की. मी निघाले की दारापर्यंत यायची, त्यापुढे नाही. उंबऱ्यावर थांबायची तिला इतकी सवय होती की कुणी सांगावं लागत नव्हतं.

मग सरकारने सवलत जाहीर केली. ज्यांच्या व्हिसाची मुदत उलटली आहे त्यांनी ठरलेल्या काळात देश सोडला तर दंड नाही, खटला नाही. ऑफिसात ती बातमी कळली तशी मी जिन्यात जाऊन तिला फोन केला. मला वाटलं ती आनंदाने रडेल.

ती एवढंच म्हणाली, "हिला कसं नेऊ? हिचा पासपोर्ट नाय."

"आपल्या दूतावासात जाऊ. मी येते बरोबर. मी विचारलंय. जन्माचा दाखला नसेल तर आईबापांची आणि मुलाची डीएनए चाचणी करतात. तुम्ही तिघं एक आहात हे सिद्ध झालं की प्रवासाचा कागद मिळू शकतो."

"चाचनी नको, ताई."

"अहो, साधी असते. सुईसुद्धा टोचत नाहीत हल्ली."

"चाचनी नको," ती परत म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी दुसऱ्याच दिवशी दुपारी रजा काढून गेले. मुलगी शेजारच्या बाईकडे होती. दार लावून घेऊन तिची आई माझ्यासमोर जमिनीवर बसली. पदर तोंडाशी धरून तिने मला जे सांगितलं, ते मी तिच्याच क्रमाने लिहिते.

नवरा बरा झाल्यावर तिचं परतीचं तिकीट निघालं होतं. बॅगही भरली होती. तेव्हा पलीकडच्या खोलीत एक परदेशी मुलगी राहत होती, कुठल्या देशाची ते हिला नीट ठाऊक नाही, कुणाच्या तरी घरी कामाला असलेली आणि तिथून पळून आलेली. दिवस गेलेले. लग्न झालेलं नाही. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात जायची सोय नव्हती; गेली असती तर पकडली असती, अशी तिला भीती. हिने तिचं बाळंतपण केलं. गावी तिने सासूबाईंना अशी मदत करताना पाहिलं होतं, तेवढ्या बळावर. ती मुलगी काही दिवस राहिली, बाळाला पाजलं, आणि एका सकाळी बाळ हिच्या हातात देऊन, येते म्हणून गेली. आली नाही. पुढे कळलं, आपल्या देशी परत गेली.

"माझं इमान दोन दिवसांवर होतं," ती म्हणाली. तिच्या बोलीत विमानाला इमान म्हणतात. "हे म्हनाले, पोलिसाला देऊ. मी म्हनाले, दोन दिवस थांबू, आई येईल हिची. नाय आली. मग मी एकटी कशी जानार? हिला हितं ठेवून? आमाला मूल नव्हतं, ताई. पन त्यासाठी नाय. तुमी इश्वास ठेवा नायतर नका ठेवू. त्या पोरीने माझं बोट असं धरलं होतं आणि सोडीना."

 इतके दिवस मला वाटत होतं, ही बाई भीतीने राहिली, आळसाने राहिली, आज जाऊ उद्या जाऊ करत राहिली. आणि खरं हे होतं की ती एका परक्या बाळासाठी राहिली. सासर, माहेर, आईचं आजारपण, आईचा शेवट, सगळं तिने फोनच्या पडद्यावर बघितलं होतं. बाळाला जन्म देणारी मुलगी मात्र आमच्या नोंदीत अगदी चोख असणार: आली, कामाला लागली, गेली. तिच्यात आम्हाला कधीच काही खोट दिसली नसती.

"मुलीला माहीत आहे?"

तिने मान हलवली. नाही.

त्या दिवशी मी तिची परवानगी घेतली आणि संध्याकाळी मदिनत खलीफा भागात आमच्या मॅडमच्या घरी गेले. ऑफिसात नाही, घरी. नोकरीच्या पाच वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मला ते अनपेक्षित होतं.

"ज्या मुलांचे आईबाप कोण ते माहीत नाही, त्यांच्यासाठी इथे सरकारी केंद्र आहे," त्या म्हणाल्या. "अशा मुलाला हा देश कागद देतो. पण तिथे नेलं तर मुलगी यांच्याकडेच राहील, असं मी सांगू शकत नाही. ते खोटं होईल. त्या बाईला दोन्ही सांग. ठरवायचं तिने."

मी दोन्ही सांगितलं. सवलतीत तुम्ही एकट्या जाऊ शकता, दंड नाही. किंवा मुलीला घेऊन केंद्रात जायचं, सगळं खरं सांगायचं, आणि मग ते ठरवतील ते. तिने विचार करायला वेळ मागितला नाही. म्हणाली, "केंद्रात जाऊ. हिला शाळा मिळंल ना?"

मुलीला तिने स्वतः सांगितलं, माझ्यासमोर. मी नको नको म्हणत होते, पण ती म्हणाली, "तुमी बसा, मना धीर नाय." अब्बा बाहेर जाऊन उभे राहिले. सांगून झालं. मुलगी बराच वेळ गालिच्याचा दोरा ओढत बसली. आता ती रडेल, किंवा त्या दुसऱ्या बाईबद्दल विचारेल, असं मला वाटत होतं.

तिने विचारलं, "मंग आजी माझी नाय?"

आईने तिला जवळ ओढलं आणि दोघी एकमेकींना धरून अशा रडल्या, की शेजारची मल्याळी बाई धावत आली.

केंद्रात आम्हाला मॅडमनी आपल्या गाडीतून नेलं. मागच्या सीटवर आई, बाप आणि मध्ये मुलगी. कॉर्निशच्या किनारी रस्त्यावरून जाताना समुद्र दिसला तशी ती पुढे झुकली. "हा खरा हाय?" तिने विचारलं. समुद्र तिने टीव्हीवर पाहिला होता. ज्या शहरात कुठेही उभं राहिलं तरी समुद्र फार लांब नसतो, त्या शहरात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. मॅडमनी मला विचारलं, ती काय म्हणाली? मी सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली.  मुलगी खाली उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली, वारा आला तसे डोळे मिटून घेतले.

केंद्रातली अधिकारी बाई वयाने मोठी होती. अरबीत मॅडम बोलल्या, मराठीतून इंग्रजीत मी सांगितलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, पोलीस येतील. अधिकारी बाईने कागद बाजूला ठेवले आणि आईला पाणी दिलं. चौकशी होईल, म्हणाली. तोवर मुलगी केंद्राच्या घरात राहील. भेटायला येता येईल. आई उठली, मुलीच्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या आणि निघाली.  अब्बांनी आणि मी तिला धरून गाडीत बसवलं.

ते महिने कसे गेले ते ती एकटीच जाणे. चौकशी झाली, शेजाऱ्यांचे जबाब झाले, त्या परदेशी मुलीचा शोध लागला नाही. आईने देश सोडला नव्हता, तरी मुदतीचा दंड माफ झाला, तिला तपासापुरतं राहायची परवानगी मिळाली. दर भेटीच्या वाराला ती बसने जायची आणि घावन्यांचा डबा न्यायची. मधे एकदा मुलीने तिच्याशी बोलायचंच नाकारलं. "तू मना हितं टाकलंस," म्हणाली. मुलीची आई त्या दिवशी माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून, काहीच न बोलता, माझी भांडी घासू लागली. मी तिला थांबवलं नाही.

शेवटी निकाल लागला तो आमच्यापैकी कुणालाच अपेक्षित नव्हता. मुलीला कागद मिळाले, क्रमांक मिळाला. आणि सांभाळायला ती याच दोघांकडे द्यावी, असं ठरलं; त्यासाठी आईलाही इथे राहायचा परवाना मिळाला. केंद्राची एक बाई महिन्याकाठी घरी येऊन बघून जाईल, प्लायवूडची खोली सोडून धड घर घ्यावं लागेल, मुलगी शाळेत गेली पाहिजे, अशा अटी. अब्बांच्या मालकाने पगार वाढवला आणि जामीनही राहिला. गावी सासूबाईंना सगळं खरं कळवलं. त्या कित्येक आठवडे फोनवर आल्या नाहीत. मग आल्या आणि शेळी दाखवली.

मुलगी शाळेत तिच्यापेक्षा पुष्कळ लहान मुलांबरोबर बसते. तिला त्याची लाज वाटते, आईला वाटत नाही. गेल्या महिन्यात दोघींचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि ते सोडवायला मला बोलावलं होतं.

ऑफिसात मॅडमनी तो नियम पुन्हा चर्चेला घेतला. भेटीच्या व्हिसावर आलेला, ज्याच्या जाण्याची नोंद नाही, तो गेलाच असं धरायचं नाही. आधी इतर खुणा तपासायच्या. विजेचं बिल, फोन, दवाखाना, काहीही. आम्ही तसं करून पाहिलं. ज्यांना आम्ही गेले म्हणून वगळत होतो, त्यांच्यापैकी बरेच खरंच गेले होते. सगळे नाही. पडद्यावर उरलेला आकडा आला. तो आकडा इथे लिहायचा मला अधिकार नाही.

"यांच्यात बायका किती?" मॅडमनी विचारलं. कुणीतरी सांगितलं.

"आणि त्यांच्याजवळ मुलं?"

आमच्यातला सगळ्यात अनुभवी सुदानी सहकारी हळूच म्हणाला, "ते कळायला आपल्याकडे मार्ग नाही, मॅडम. ज्याची नोंदच नाही त्याला जोडणार कशाशी?"

मॅडमनी चष्मा काढला. पुढच्या हिवाळ्यात पत्ते दुप्पट घ्या, म्हणाल्या, आणि आपलं नाव फिरतीवर जाणाऱ्यांत सगळ्यात वर लिहिलं.